पाच ग्रॅम शिसं

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत तिला सगळेच मावशी म्हणत. मुलं म्हणत, मुलांना शिकवणारे म्हणत, कॉम्प्रेसर दुरुस्त करायला येणारा मिस्त्री म्हणे, आणि एका वर्षी तपासणीला आलेल्या पथकातले दोघे दुपारच्या चहापर्यंत मावशी म्हणू लागले होते. त्यामुळे तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीची मुलगी त्याच कॉलेजात दाखल होऊन तिच्याच घरी राहायला आली, तेव्हा त्या पोरीला हाक मारायला वेगळं काही उरलंच नव्हतं. साऱ्या जगाची मावशी, पण हक्काची भाची ही एकच.

भाचीला वर्गात ‘पणबाई’ म्हणत. कुणी काहीही सांगितलं की तिचं पहिलं उत्तर ‘पण’ असायचं. घरीही तेच. “छत्री घेऊन जा.” “पण...” “अंघोळीचं पाणी तापलंय.” “पण...” मावशीने आधी चिडून पाहिलं, मग सवय लावून घेतली, आणि मग एके दिवशी आपण त्या ‘पण’ची वाट बघत थांबतो हे लक्षात आल्यावर तिने तो विषयच सोडून दिला.

ह्या ‘पण’नेच गेल्या वर्षी घात केला होता. प्रात्यक्षिक परीक्षेत भिंगाच्या प्रयोगाचं उत्तर जुळेना. आजूबाजूच्या सगळ्यांनी आकडे इकडचे तिकडे करून जुळवून घेतलं. पणबाईने आकडे आले तसे लिहिले, फरकाचं कारण ह्या रकान्यात ‘माहीत नाही’ असं लिहिलं, आणि नापास झाली. यंदा तिला उपकरणं बनवायच्या अभ्यासक्रमाला जागा मिळाली होती, पण प्रात्यक्षिकात पास झाली तरच. पुन्हा नापास झाली की जागा गेली. बहिणीने फोनवर एवढंच म्हटलं होतं, “ताई, परीक्षा तुझ्याच प्रयोगशाळेत आहे. तू आहेस म्हणून मी निवांत आहे.” माणसं अशी निवांत होतात आणि आपला घोर दुसऱ्याच्या दारात ठेवून जातात.

प्रयोगशाळेत सहा टेबलं होती आणि सहाव्या टेबलावर बाईसाहेब असत.

बाईसाहेब म्हणजे ताटाएवढी, बोटभर जाडीची ॲल्युमिनियमची चकती. खालच्या बैठकीला सुईच्या टोकाएवढी भोकं होती. कॉम्प्रेसर सुरू केला की भोकांतून हवा येई आणि चकती कागदाच्या जाडीइतकी वर उचलली जाई. मग तिला बोटाने नुसती टिचकी मारली तरी ती फिरत राही. मावशी दुपारी जेवायला बसताना एक टिचकी मारत असे. डबा खाऊन, घासून, पुसून पिशवीत गेला तरी चकती आपली फिरतेच आहे. हिचे पाय जमिनीला लागत नाहीत, म्हणून मुलांनी नाव ठेवलं होतं बाईसाहेब.

प्रयोग साधा होता. चकतीच्या मधोमध वाटीएवढं रीळ. त्यावर दोरा गुंडाळायचा, टेबलाच्या कडेच्या कप्पीवरून खाली सोडायचा आणि टोकाला शंभर ग्रॅमचं पितळी वजन टांगायचं. कप्पीही हवेवर तरंगणारी, आणि इतकी हलकी की हिशेबात धरायची गरज नाही. वजन सोडलं की दोरा उलगडू लागे, चकती फिरू लागे आणि क्षणाक्षणाला आणखी जोरात फिरू लागे. तिच्या काठावर काळे-पांढरे पट्टे होते. समोरचा दिव्याचा डोळा ते मोजून वेग दाखवी. तो वेग किती झपाट्याने वाढतो हे काढायचं आणि सूत्राने आलेल्या आकड्याशी ताडून बघायचं, की झाला प्रयोग. दोरा संपला की वजन तळाशी जरासं थबके, पण बाईसाहेब थांबत नसत. त्या तशाच फिरत राहून दोरा उलट बाजूने गुंडाळत, आणि वजन पुन्हा वर येई, जिथून सोडलं होतं जवळजवळ तिथवर. मुलांना अख्ख्या प्रयोगात तेवढीच एक गोष्ट आवडायची.

बाईसाहेबांना घडवलं सरांनी. बावीस वर्षांपूर्वी सर विभागाचे प्रमुख होते. एकटा जीव, आणि हाताने काम केल्याशिवाय चैन न पडणारा. चकती त्यांनी स्वतः लेथवर कातली, भोकं स्वतः पाडली. नऊ महिने लागले. त्यावर मुलांनी करायचे ते विनोद करून झाले. “हिच्यात घर्षण नाही,” असं सर सांगत, आमची मुलगी खोटं बोलत नाही असं एखादा बाप सांगतो तशा सुरात.

आणि पहिल्याच दिवशी उत्तर कमी आलं. शंभराला पाच इतकं. दुसऱ्या दिवशीही तितकंच, तिसऱ्याही. जोडीचे प्राध्यापक म्हणाले, “घर्षण आहे, दुसरं काय. घर्षण कुणाला सुटलंय?” त्यांनी सहज म्हटलं आणि ते चहा प्यायला गेले. सरांनी मात्र ते मनाला लावून घेतलं. दोन महिने ते चकती घासत होते. आधी बारीक पॉलिश पेपरने, मग त्याहून बारीक, मग मऊ कापडाला घासायची पावडर लावून. नळ्या बदलल्या, हवेची गाळणी बदलली. उत्तर आपलं शंभराला पाच कमी. सर डबा उघडेनासे झाले. सदरा गळ्यापाशी सैल दिसू लागला.

मावशी तेव्हा नवी होती, पस्तिशीची. शाळा अर्ध्यावर सुटलेली. पुढचं जे काही शिकली ते ह्याच खोलीत, टेबलं पुसता पुसता. सूत्र तिला कळत नव्हतं. उपाशी माणूस कळत होता. एका दुपारी सर ग्रंथालयात गेल्यावर तिने ते पितळी वजन उलटं धरलं, आणि त्याच्या बुडाला मुळातच असलेल्या भोकात वितळलेलं शिसं सोडलं. थेंबभर घालायची, दोऱ्याला टांगायची, आकडा बघायची. पुन्हा थेंबभर. उत्तर जुळलं तेव्हा थांबली. भोकावर पितळी रंगाचा ठिपका दिला. वजनावर कोरलेलं ‘१००’ तसंच होतं, फक्त पोटात पाच ग्रॅम जास्तीचे होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी प्रयोग केला. मग पुन्हा केला. मग ते स्टुलावर बसले आणि त्यांनी डबा उघडून सगळा संपवला, झाकणाला लागलेलंसुद्धा. शेवटच्या घासण्याने काम झालं असं त्यांनी धरलं. त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात प्रयोगाचं कार्ड लिहिलं, खाली सही केली, चौकटीत घालून भिंतीवर लावलं. कार्डाच्या तिसऱ्या ओळीत होतं: दोऱ्यावरचा ताण टांगलेल्या वजनाइतका धरावा. सर निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. कार्ड भिंतीवरच होतं. शिसंही जागेवरच होतं. बावीस वर्षं पोरं पूर्ण गुण घेत होती.

परीक्षेला आठवडा उरला होता तेव्हाची गोष्ट. भाची सरावावरून घरी आली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही उघडून बसली.

“मावशी, तुझ्या बाईसाहेब जास्त पळतात.”

“पळू देत. वय आहे त्यांचं.”

“चेष्टा नाही करत. उत्तर जास्त येतंय. शंभराला पाच.”

“सगळ्यांचं तर बरोब्बर येतं, कार्डाप्रमाणे.”

“पण कार्ड चुकलंय.”

मावशीने गॅस बारीक केला. “सरांनी लिहिलंय ते.”

“असेल. पण सरांनी धरलंय की दोरा पूर्ण वजनाने ओढला जातो. वजन नुसतं लटकत असतं तर ओढला गेला असता. ते लटकत नाहीये, ते पडत चाललंय. तू कपड्यांची पिशवी घेऊन इस्त्रीवाल्याकडे जातेस ना, लिफ्ट खाली निघाली की पिशवी जरा हलकी लागते की नाही?”

“लागते.”

“का लागते?”

“मला वाटायचं, कपडे एकदाचे घराबाहेर चालले म्हणून.”

“मावशी.”

“बरं, सांग.”

“पडणाऱ्याचा थोडा जोर त्याच्या स्वतःच्याच पडण्यात जातो. उरेल तेवढाच दोऱ्यापर्यंत पोचतो. म्हणून ताण कमी, म्हणून चकतीचा वेगही वाढायचा त्याहून सावकाश. इथे तो फरक येतो शंभराला पाच. पुस्तकात नीट दिलंय. म्हणजे कार्डाने हिशेब केला तर उत्तर कमी यायला पाहिजे. ते बरोबर येतं. आणि बरोबर सूत्राने केला तर जास्त येतं.”

मावशीला हे चटकन पटलं, आणि पटलं ह्याचंच वाईट वाटलं. घसरत चाललेली माणसं तिने आयुष्यात पाहिली होती. ती दुसऱ्याला पुरती ओढू शकत नाहीत हे तिला कुणी सूत्राने सांगायची गरज नव्हती. म्हणजे बावीस वर्षांपूर्वी जे पाच कमी पडत होते ते बाईसाहेबांचे नव्हतेच. ते कार्डातले होते. सरांनी दोन महिने चकती घासली आणि चूक कागदावर बसून बघत होती.

“आता कमी आलं असतं तर मी घर्षणावर ढकललं असतं,” भाची म्हणाली. “जास्त आल्यावर कुणावर ढकलू? घर्षण कधी कुणाला मदत करत नाही.”

“घर्षण असेल थोडंफार.”

“पण वजन होतं तिथवर परत वर येतं ना. घर्षण असतं तर आलं असतं का? बाईसाहेब घेतलेलं सगळं परत देतात. त्यांचं काही चुकत नाहीये. कुणीतरी दुसरंच चुकतंय.”

मावशी उठून ओटा पुसू लागली. तो पुसलेला होता.

“मॅडमना विचारलंस?” तिने पाठमोरं राहूनच विचारलं. प्रयोगशाळेचा ताबा यंदापासून नव्या मॅडमकडे होता.

“विचारलं. त्या म्हणाल्या, कार्डाप्रमाणे लिही, गुण घे, पास हो, आणि मग काय क्रांती करायची ती कर.”

“शहाण्या आहेत त्या.”

“पण ते चूक आहे ना, मावशी.”

आता हिला सगळं सांगून टाकावं, असं मावशीला त्या आठवड्यात तीनदा तरी वाटलं. एकदा तर ती “ऐक” म्हणून बसलीही, आणि मग “पोळी आणखी घे” म्हणाली. सांगायचं म्हणजे सरांच्या सहीचं कार्ड खोटं पाडायचं. आणि दुसरं असं, की दर जूनमध्ये ती रजिस्टरमध्ये ‘वजनं तपासली, बरोबर आहेत’ असं लिहून सही करत आली होती. बावीस सह्या. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं.

शेवटी तिने खरं बोलण्याहून सोपं काम निवडलं. कपाटात मागच्या कप्प्यात त्या वजनाचं जुळं भावंड होतं, पेटीत मखमलीवर ठेवलेलं, कधी न वापरलेलं. ते खरोखरचं शंभर ग्रॅम होतं. परीक्षेत भाचीला बाईसाहेब आल्याच, तर आपण गुपचूप ते टांगायचं. तिच्या सूत्राने तिचं उत्तर बिनचूक येईल. नंतर जुनं वजन पुन्हा जागेवर. कुणाचंच काही बिघडणार नाही.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. उंच, वाळके, बोलताना शब्दांची काटकसर करणारे. सकाळच्या तुकडीत एका मुलाला बाईसाहेब आल्या. त्याने कार्डाप्रमाणे हिशेब केला, उत्तर जुळलं, पूर्ण गुण. परीक्षकांनी चकतीकडे जरा कौतुकाने पाहिलं. “चांगलं बनवलंय कुणीतरी,” म्हणाले. मॅडमनी मान डोलावली, जणू त्यांनीच बनवलं होतं.

दुसऱ्या तुकडीत भाची होती. सहा मुलं, सहा चिठ्ठ्या. मावशी हातात फडकं घेऊन कपाटाशी उभी होती आणि बाकीच्या पाचांपैकी कुठलाही प्रयोग तिला येवो म्हणून मनात हात जोडत होती. भाचीने चिठ्ठी उघडली, वाचली आणि सरळ सहाव्या टेबलाकडे निघाली. चेहऱ्यावर काही नाही. उलट जरा समाधानच.

मावशीने कॉम्प्रेसर सुरू केला. हवेचा सुस्कारा आला, बाईसाहेब उचलल्या गेल्या. दोऱ्याचा गुंता बघतेय असं दाखवत तिने वजन काढलं, एप्रनच्या डाव्या खिशात टाकलं आणि उजव्या खिशातलं टांगलं. वर्षानुवर्षं नाजूक भिंगं पुसून सरावलेला हात होता.

मग ती मागे जाऊन उभी राहिली. परीक्षेत मदतनीसाने बोलायचं नसतं. उपकरण लावून द्यायचं आणि भिंतीसारखं व्हायचं. इतक्या वर्षांत ती एकदाही बोलली नव्हती.

भाचीने वजन सोडलं. आकडे लिहिले. वजन खाली गेलं, वर आलं. पुन्हा सोडलं. तिसऱ्यांदा सोडलं. मग हिशेब करू लागली. मावशी तिच्या पेनाकडे बघत होती. पेन भराभर चाललं, आणि शेवटाला येऊन थांबलं. भाचीने खोडलं, पुन्हा केलं, पुन्हा थांबली. गेल्या वर्षीही ती अशीच थांबली होती, भिंगासमोर.

मावशीला कळेना. खरं वजन, खरं सूत्र, मग अडलं कुठे? फडक्याने शेजारचं टेबल पुसत पुसत ती जवळ सरकली आणि तिने वहीत डोकावलं. वरच्याच ओळीत लिहिलं होतं: टांगलेलं वजन १०५.२ ग्रॅम. रसायनशास्त्राच्या काट्यावर परवा मोजलं.

मावशीने ती ओळ दोनदा वाचली. पोरीने वजन मोजलं होतं. जास्तीचं उत्तर कुणावरच ढकलता येईना, तेव्हा तिने एक एक वस्तू संशयावर धरली आणि वजनापाशी येऊन पोचली. आज ती खोलीबाहेर जाऊ शकत नव्हती, म्हणून परवाचा आकडा बरोबर घेऊन आली होती. आणि मावशीने आजच, नेमकं आजच, ते वजन खरं केलं होतं. उत्तर आता शंभराला जवळजवळ पाच कमी येत होतं. बावीस वर्षांपूर्वी यायचं तसंच.

परीक्षक एकेक टेबल करत आले. वही उचलली, खालचा आकडा पाहिला.

“कमी आलंय.”

“हो, सर.”

“कारण?”

भाचीने पुन्हा वरचे आकडे चाळले.

“अहो, लिहा घर्षण आणि मोकळ्या व्हा. पद्धत चांगली आहे तुमची. सूत्रही, बघतोय मी, भिंतीवरच्यापेक्षा बरं आहे. पाच-दहा मिनिटं राहिलीत.”

मॅडम मागून हळूच म्हणाल्या, “लिही गं.”

भाचीने वजनाकडे पाहिलं, ते तळाला जाऊन परत वर आलं होतं आणि दोऱ्याला लटकत स्वतःभोवती सावकाश फिरत होतं.

“पण सर, ह्याच्यात घर्षण नाहीये. वजन होतं तिथवर परत येतं.”

“मग कारण काय?”

“माहीत नाही.”

“माहीत नाहीला गुण नसतात,” परीक्षक म्हणाले. रागाने नाही, नियम सांगावा तसे. त्यांनी खिशातून पेन काढलं.

“साहेब,” मावशी म्हणाली.

खोलीतल्या सहाही मुलांनी माना वर केल्या. भिंत बोलली असती तरी त्यांना इतकं आश्चर्य वाटलं नसतं.

“साहेब, ते वजन शंभरचंच आहे. तिने मोजलं ते हे.” तिने डाव्या खिशातलं वजन काढून टेबलावर ठेवलं. “मी बदललं. तिला ठाऊक नव्हतं. हिशेबात शंभर घालू द्या तिला.”

मॅडमचा चेहरा उतरला. परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. दोन्ही वजनं दोन तळहातांवर घेतली, जणू पाच ग्रॅमचा फरक तळहाताला कळणार होता. मग ते मॅडमना म्हणाले, “रसायनमध्ये पाठवून दोन्ही मोजून आणा.” आणि भाचीला म्हणाले, “तुम्ही बसा. शंभर घालून पुन्हा करा.”

वजनं मोजून आली. एक शंभर, एक एकशेपाच पूर्णांक दोन. परीक्षकांनी कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी मांडलं, मग भिंतीवरचं कार्ड वाचलं, मग पुन्हा कागद पाहिला.

“हे पाच ग्रॅम तुम्ही हिशेब करून घातलेत?”

“नाही. थोडं थोडं घालत गेले, उत्तर जुळेपर्यंत.”

“कार्डातली चूक भरून काढायला जेवढं लागतं नेमकं तेवढं आहे.”

“मला तेव्हा कार्डात चूक आहे हे ठाऊक नव्हतं.”

“किती वर्षं झाली?”

“बावीस.”

“का घातलंत?”

मावशीने जरा विचार केला. उत्तर एकच होतं आणि ते फार छोटं होतं.

“सर जेवत नव्हते,” ती म्हणाली.

ते लिहून घेण्यासारखं उत्तर नव्हतं. तेवढ्यात भाचीने वही पुढे केली. शंभर घालून उत्तर जुळलं होतं. दोनशेला एकाचासुद्धा फरक नव्हता. त्यांनी आकडे तपासले, पंचवीसपैकी तेवीस दिले आणि शेरा लिहिला: हातात दिलेलं वजन वापरण्यापूर्वी तपासलं नाही.

“पण सर, मी परवा...”

“परवा तपासलंत. आज नाही.”

पणबाईला ह्यावर पण सापडला नाही.

सकाळच्या मुलाचं काय करायचं, असं मॅडमनी विचारलं. चुकीचं वजन, चुकीचं सूत्र आणि पूर्ण गुण. परीक्षकांनी क्षणभर डोळे मिटले. “दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलंय. राहू द्या,” म्हणाले, आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

मावशीकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. नोटीस तीन कलमांची होती, खुलासा चार ओळींचा. त्यात तिने शिसं, भोक, बावीस सह्या असं सगळं लिहिलं. डब्याचं लिहिलं नाही. वजनांचं रजिस्टर तिच्याकडून काढून मॅडमकडे दिलं गेलं. कार्ड भिंतीवरून उतरलं. त्याच्या जागी भिंतीचा एक चौकोन उरला, बाकीच्या भिंतीपेक्षा बराच उजळ.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी दोघी बरोबरच घरी गेल्या. लिफ्टमध्ये शिरल्यावर भाची म्हणाली, “मला सांगितलं का नाहीस?”

“कार्डावर सरांची सही आहे. आणि तू वजन मोजलंस ते मला का नाही सांगितलंस?”

“रजिस्टरमध्ये तुझी सही आहे.”

लिफ्ट वर निघाली. मावशीच्या हातातली पिशवी क्षणभर जड झाली. ही गोष्ट तिच्या आजवर कधी लक्षात आली नव्हती.

रविवारी सकाळी ती सरांकडे गेली. सर तीन गल्ल्या पलीकडे राहत, तळमजल्यावर. वय सत्तरी ओलांडलेलं, कान थोडे जड, हात अजून रिकामे राहत नसत. टेबलावर एक घड्याळ उघडून पसरलेलं होतं. मावशीने पिशवीतून कार्ड काढून त्यांच्यापुढे ठेवलं, आणि त्यावर हरभऱ्याएवढा शिशाचा गोळा. आदल्या दिवशी तिने तो वजनाच्या पोटातून वितळवून काढला होता. मग न थांबता सगळं सांगितलं, मोठ्या आवाजात, दोनदा.

सरांनी चष्मा बदलला. कार्ड चौकटीतून सोडवून उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने चकती काढली, दोरा काढला, वजन काढलं, वजनावर खालच्या दिशेने एक बाण काढला. त्या बाणाशी पेन्सिल बराच वेळ थांबली. मावशी खिडकीबाहेर बघत बसली. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी चादर झटकत होतं.

“पडतंय की ते,” शेवटी सर म्हणाले. “अरेच्चा. पडतंय.”

“हो.”

“मी मुलांना काय शिकवत होतो इतकी वर्षं?”



सरांनी हिशेब पुरा केला. ताण आला, वेगाची वाढ आली, शंभराला पाचचा फरक आला. त्यांनी त्याखाली रेघ ओढली. मग मान वर केली, आणि चेहऱ्यावर मावशीला वाटलं होतं ते काही नव्हतं. दुसरंच काहीतरी हळूहळू वर येत होतं.

“म्हणजे चकतीत घर्षण नव्हतं.”

“नव्हतं.”

“पहिल्या दिवसापासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग मी दोन महिने घासत काय होतो?”

“चकती.”

“तिला काही झालंच नव्हतं.”

“काहीच झालं नव्हतं, सर.”

ते खुर्चीला टेकले. उघडलेल्या घड्याळाकडे बघत राहिले, पण घड्याळ त्यांना दिसत नव्हतं. “अजून फिरते?” त्यांनी विचारलं.

“डबा घासून होईपर्यंत.”

सरांनी कार्डाच्या त्या बाजूवर नवी तिसरी ओळ शाईने लिहिली, वळणदार अक्षरात, आता थोडं थरथरतं. खाली सही केली. शाई वाळायला कार्ड खिडकीपाशी ठेवलं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर शिशाचा गोळा ठेवला. वारा आला तसं ते उडालं. पाच ग्रॅमने काय होणार. मावशीने उठून ते जमिनीवरून उचललं, शाई फुटली नाही ना ते पाहिलं, आणि गोळा शोधायला टेबलाखाली वाकली.

“असू दे,” सर म्हणाले. “काही नडत नाही त्याच्यावाचून. तू जेवून जाणार आहेस का?”